धनुष्याचे लाकूड

एकाच अखंड लाकडापासून हाताने धनुष्य घडविण्यासाठी वापरण्यात येणारे काष्ठ. शिंग, लाकूड व स्नायू यांचे थर सरसाने जोडून केलेल्या संयुक्त धनुष्याहून असे साधे धनुष्य निराळे असते. त्यात एकच द्रव्य सर्व ताण सहन करीत असल्याने लाकडाची निवड व ते वाळवून सिद्ध करण्याची रीत यांना घडणीइतकेच महत्त्व आहे. पहिलेच धनुष्य करणाऱ्याचे अपयश बहुधा या दोन बाबींतून उद्‌भवते.

तत्त्व : प्रत्यंचा ओढली असता धनुष्याची लक्ष्याकडील बाजू (पाठ) ताणली जाते, तर धनुर्धराकडील बाजू (पोट) दाबली जाते. ताण व दाब पृष्ठभागांवर सर्वाधिक असतात आणि मधल्या थरात जवळजवळ शून्य होतात. सरळ तंतूंचे निर्दोष लाकूड दाबाच्या सु. दुप्पट ताण सहन करू शकते. तथापि हे बळ तंतूंच्या दिशेनेच मिळते. तंतूंना आडव्या दिशेत ते अत्यल्प असते. पाठीवरील तंतू तिरपे कापले गेल्यास तेथे चीर पडते व धनुष्य तुटते. म्हणून पाठीवरील तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राखणे, हा या कामाचा मुख्य नियम होय. पोट दाबास कमी पडल्यास त्यावर आडव्या बारीक सुरकुत्या उमटतात आणि धनुष्य कायमचे वाकते.

वाकण्यास होणारा विरोध रुंदीच्या प्रमाणात, परंतु जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी एकदशांशाने घटविल्यास तो सु. २७ टक्क्यांनी कमी होतो. यामुळे मध्यम प्रतीच्या लाकडाचे धनुष्य रुंद, चपटे व लांब ठेवणे सुरक्षित असते. सु. ७० सेंमी. ओढीसाठी नवशिक्याने १७० ते १८० सेंमी. लांबी व भुजांची सु. ५ सेंमी. रुंदी ठेवावी.

निवड : लाकूड चिवट, लवचिक व पुरेसे घन असावे. डेन्मार्कमधील होल्मगार्ड येथे सापडलेली सु. ९,००० वर्षांपूर्वीची धनुष्ये एल्म वृक्षाची असून त्यांच्या भुजा रुंद व चपट्या आहेत. यूरोपात पुढे यू या वृक्षास अग्रस्थान मिळाले. त्याचे बाहेरचे फिकट रसकाष्ठ ताण व आतले गडद अंतःकाष्ठ दाब उत्तम सहन करते. आल्प्स पर्वतात १९९१ मध्ये सापडलेल्या सु. ५,३०० वर्षांपूर्वीच्या मानवाजवळ यूचे सु. १.८ मी. लांबीचे अपुरे घडविलेले धनुष्य होते. ‘मेरी रोझ’ हे इंग्लिश युद्धनौकेचे सांगाडे-अवशेष १९८२ मध्ये वर काढण्यात आले. १५४५ मध्ये बुडालेल्या या नौकेवर यूची शंभराहून अधिक अखंड धनुष्ये मिळाली. या लाकडाची टंचाई इतकी होती, की इंग्लंडमध्ये १४७२ च्या कायद्याने आयात मालाबरोबर धनुष्याच्या लाकडाचे दांडे आणणे व्यापाऱ्यांना बंधनकारक केले होते. उत्तर अमेरिकेत ऑसेज ऑरेंज व हिकरी ही लाकडे नावाजलेली आहेत.

कौटिलीय अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड व शिंग यांपासून केलेल्या धनुष्यांचा उल्लेख आहे. भिल्लांचे धनुष्य पारंपरिक रीत्या बांबूचे असून त्याची प्रत्यंचाही बांबूच्या चिवट सालपट्टीची असते. सह्याद्रीच्या पानझडी वनांतील धामणीचे लाकूड चिवट व लवचिक असून कुऱ्हाडीचे दांडे व धनुष्ये यांसाठी उपयोगी पडते.

खोड सरळ, पीळ नसलेले व गाठींविरहित असावे. सालीवरील भेगा मळसूत्राप्रमाणे वळत गेल्या असल्यास आतील तंतूही बहुधा पिळलेले असतात. वखारीतील फळी घेतल्यास तिच्या रुंद बाजूवरील व कडेवरील रेघा दोन्ही टोकांपर्यंत सरळ जातात किंवा नाही, हे पाहावे. मध्येच कडेबाहेर निघून जाणाऱ्या रेघा तंतू तुटल्याचे दर्शवितात. अशी फळी दिसण्यास सुबक असली तरी त्याज्य समजावी.

फाळणी व वाळवण : ओंडका करवतीने चिरण्याऐवजी पाचरी ठोकून फाडावा. करवत आखलेल्या रेषेने जाते, तर फाट तंतूंच्या मार्गाने जाते. पाणी टोकांकडून सर्वांत लवकर निघून जाते व तेथून भेगा पडू लागतात. यास्तव तोडल्याबरोबर टोकांस मेण, लाख किंवा रंग लावावा. साल काढल्यास पाठीचा उघडा पृष्ठभागही तसाच झाकावा. फाका सावलीत, जमिनीपासून उंच व हवा खेळेल अशा रचाव्यात.

ओल्या लाकडातील पाण्याचे प्रमाण शुष्क वजनाच्या ५० टक्के किंवा त्याहूनही अधिक असू शकते. ते सु. ३० टक्क्यांखाली गेल्यावर लाकूड आकसू लागते व ताठ होते. धनुष्यास ८ ते १० टक्के प्रमाण योग्य असते. अधिक ओलाव्याने धनुष्य वाकून राहते, तर अती शुष्क लाकूड ठिसूळ बनते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सु. ५० टक्के असता लाकडातील पाणी सु. ९ टक्क्यांवर, तर ८० टक्के असता सु. १६ टक्क्यांवर स्थिरावते. त्यामुळे कोकणात पावसाळ्यात लाकूड कितीही दिवस ठेवले, तरी हवे तेवढे वाळत नाही. जाडीच्या प्रत्येक २.५ सेंमी.स एक वर्ष, असा जुना ठोकताळा आहे. फाक धनुष्याच्या मापाजवळ तासून ठेवल्यास हा काळ पुष्कळ घटतो. ठराविक दिवसांनी वजन करावे. ते घटेनासे झाले, की लाकूड भोवतालच्या हवेशी समतोल झाले असे समजावे.

पाठ सिद्ध करणे : हिकरी, एल्म यांसारख्या लाकडांत सालीखालचा नैसर्गिक पृष्ठभाग हीच पाठ म्हणून घेता येते. साल सोलताना त्यावर हत्याराचा ओरखडाही पडू देऊ नये. ऑसेज ऑरेंजचे रसकाष्ठ मात्र काढून टाकतात व अंतःकाष्ठातील एकाच वार्षिक वलयाचा पृष्ठभाग टोकापासून टोकापर्यंत उघडा करतात. वलयाच्या आरंभीचा भाग सच्छिद्र व भुसभुशीत, तर नंतरचा घट्ट असतो. हा फरक सुरीखाली जाणवतो. गाठीजवळ वलय फुगते. तेथे सपाट न तासता उंचवट्याच्या वळणानेच जावे. यानंतर पाठीस हत्यार लावीत नाहीत; धनुष्य हळूहळू वाकवून पाहत सर्व तासकाम पोटाच्या बाजूने करतात.