अकराची मर्यादा आणि पेनसिल्व्हेनियाचा नियम

अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमधल्या, २०१२ च्या अटलांटातल्या अंतिम सामन्याच्या त्या शेवटच्या पाच यार्डांवर या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलावं लागतंय, कारण सांगलीच्या एका वाचकाच्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळणार नाही. प्रश्न असा : संघ एसईसीचे, म्हणजे साउथईस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठगटाचे, मैदान त्यांचं, पैसाही त्यांचा, मग विजेता ठरवायला एक जादा सामना खेळवायचा तर एनसीएएचा नियम मध्ये येतोच कशाला?

उत्तर एका आकड्यात आहे : अकरा.

एका मोसमात कॉलेजच्या संघाने किती सामने खेळावेत, हे कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए ठरवते. १९७० पासून ही मर्यादा अकरा होती, त्याआधी दहा. मोसम संपल्यावरचे बाऊल सामने त्यात धरत नसत. आता समजा, कॉन्फरन्सचा अंतिम सामनाही या अकरांतच बसवायचा. कोणते दोन संघ तिथे पोचतील हे ऑगस्टमध्ये कुणालाच ठाऊक नसतं, म्हणजे सगळ्याच संघांनी एक तारीख मोकळी सोडायची. दोन संघ ती वापरणार आणि उरलेले सगळे घरच्या मैदानावरच्या एका सामन्याच्या तिकीटविक्रीवर पाणी सोडणार. ज्या गावात शनिवारच्या सामन्यावर कॉलेजच्या बाकी सगळ्या खेळांचा खर्च निघतो, तिथे हे कोण मान्य करील?

बारावा सामना मर्यादेबाहेर धरला गेला, तरच हे जमणार होतं. आणि तशी सवलत नियमपुस्तकात आधीच होती. ती मागितली होती पेनसिल्व्हेनियातल्या सरकारी विद्यापीठांच्या कॉन्फरन्सने. हे डिव्हिजन टू म्हणजे दुसऱ्या श्रेणीतले संघ. शिष्यवृत्त्या थोड्या, स्टेडियम लहान, टीव्हीवर नावही नाही. पण संघ चौदा, पूर्व आणि पश्चिम असे दोन गट, आणि दोन्ही गटांच्या विजेत्यांनी शेवटी एकमेकांशी खेळायची जुनी परंपरा. त्यांच्या अडचणीसाठी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात नियम झाला : बारा किंवा अधिक संघ असतील, त्यांचे दोन गट असतील आणि गटातले सगळे एकमेकांशी खेळत असतील, तर दोन गटविजेत्यांचा सामना मर्यादेत धरायचा नाही. नियमात श्रेणीची अट घातलेली नव्हती. बड्या कॉन्फरन्सेसनी तिकडे लक्ष दिलं नाही, कारण बारा संघ त्यांच्यापैकी कुणाकडेच नव्हते.

लक्ष गेलं ते रॉय क्रेमर यांचं. जानेवारी १९९० मध्ये ते एसईसीचे कमिशनर झाले. त्याआधी व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा क्रीडा विभाग त्यांच्याकडे होता आणि त्याच्याही आधी ते सेंट्रल मिशिगनचे प्रशिक्षक होते. १९७४ मध्ये त्यांच्या संघाने डिव्हिजन टूचंच राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं, तेव्हा लहान कॉलेजांचं जग त्यांना परकं नव्हतं. कमिशनर झाल्यावर वर्षाच्या आत त्यांनी आर्कान्सा आणि साउथ कॅरोलायना या दोघांना एसईसीत आणलं. दहाचे बारा झाले आणि पेनसिल्व्हेनियाचा नियम अलाबामाला लागू झाला.

क्रेमर यांनी हे केवळ पैशासाठी केलं, असं म्हणणारे आजही भेटतात. पैसा होताच, एबीसी वाहिनीने पहिल्या वर्षापासून सामना दाखवला. पण १९८९ चा एसईसीचा तक्ता पाहिला की दुसरी बाजूही दिसते. त्या वर्षी टेनेसीने ऑबर्नला २१-१४ हरवलं, अलाबामाने टेनेसीला ४७-३० हरवलं आणि डिसेंबरच्या सुरुवातीला ऑबर्नने अलाबामाला ३०-२० हरवलं. तिघांचे कॉन्फरन्समध्ये सहा विजय, एक पराभव. तिघेही विजेते जाहीर झाले. दहा संघ सातच सामने एकमेकांशी खेळत असल्यामुळे तक्त्यातून एक नाव निघेल याची खात्रीच नव्हती.

तरीही बहुतेक प्रशिक्षकांना ही कल्पना पसंत नव्हती, आणि त्यांची भीती रास्त होती. तेव्हा प्लेऑफ नव्हता. राष्ट्रीय विजेता मतदानाने ठरे आणि अकरा सामन्यांत एक पराभवही अनेकदा महागात पडे. अशा वेळी आपल्या सर्वोत्तम संघाला स्वतःच्याच हाताने आणखी एका परीक्षेला बसवायचं, तेही इतर कुठलीही बडी कॉन्फरन्स आपल्या संघाला बसवत नसताना! एसईसीला आता राष्ट्रीय विजेतेपद विसरावं लागेल, असं उघडपणे बोललं जात होतं.

पहिल्याच वर्षी ते खरं ठरायची वेळ आली. ५ डिसेंबर १९९२, बर्मिंगहॅमचं लिजन फील्ड, ८३,०९१ प्रेक्षक. जीन स्टॉलिंग्ज यांचा अलाबामा अकराच्या अकरा सामने जिंकून आलेला, देशात दुसऱ्या क्रमांकावर. समोर स्टीव्ह स्पुरिअर यांचा फ्लोरिडा, ज्याच्या खात्यात आधीच तीन पराभव. अलाबामाने २१-७ आघाडी घेतली आणि घालवली. २१-२१. शेवटची साडेतीनेक मिनिटं उरलेली, आणि चेंडू फ्लोरिडाकडे.

फ्लोरिडाचा क्वार्टरबॅक शेन मॅथ्यूजने डावीकडे आखूड पास टाकला. हा पास फ्लोरिडा दिवसभर खेळत होता. अलाबामाचा कॉर्नरबॅक अँटोनिओ लँगहॅम किंचित मागे राहिला, जणू त्याचं लक्षच नाही. आणि चेंडू हातातून सुटताच तो पुढे झेपावला. रिसीव्हरच्या समोरून त्याने चेंडू उचलला आणि २७ यार्ड पळत थेट एंड झोन गाठला. २८-२१.

या एका झडपेचं महत्त्व अलाबामाच्या विजयापुरतं नाही. तो पास पोचला असता, फ्लोरिडा जिंकला असता, तर अपराजित अलाबामा विजेतेपदाच्या शर्यतीतून बाद झाला असता आणि प्रशिक्षकांचं म्हणणं पहिल्याच झटक्यात सिद्ध झालं असतं. मग दुसऱ्या कुठल्या कॉन्फरन्सने हा प्रयोग उचलला असता, याची शंका आहे. तसं झालं नाही. १ जानेवारी १९९३ ला शुगर बाऊलमध्ये अलाबामाने पहिल्या क्रमांकावरच्या मायामीला ३४-१३ असं लोळवलं आणि तेरापैकी तेरा सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. लँगहॅमची कहाणी मात्र दुःखद आहे. त्या शुगर बाऊलनंतर त्याने एका एजंटाच्या कागदावर सही केली होती. ते उघडकीला आल्यावर १९९३ च्या अंतिम सामन्यात त्याला खेळता आलं नाही, अलाबामा २८-१३ हरला, आणि पुढे एनसीएएने अलाबामाचे त्या मोसमातले आठ विजय रद्द केले.

प्रशिक्षकांची भीती खरी ठरली ती दुसऱ्या घरात. १९९६ मध्ये बिग ट्वेल्व्ह ही नवी कॉन्फरन्स बारा संघांनिशी सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी तिने सेंट लुईसमध्ये अंतिम सामना ठेवला. नेब्रास्का लागोपाठ दोन वर्षांचा राष्ट्रीय विजेता. समोरचा टेक्सास जवळजवळ २१ गुणांनी हरेल, असा सट्टेबाजांचा अंदाज. टेक्सासचा क्वार्टरबॅक जेम्स ब्राउनला त्याबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, कदाचित आम्हीच तीन टचडाऊनने जिंकू.

७ डिसेंबर. शेवटच्या तीन मिनिटांत टेक्सास ३०-२७ पुढे, पण चौथा डाउन, जायचं काही इंच, आणि तेही स्वतःच्या २८ यार्डांवर. इथे कुणीही शहाणा प्रशिक्षक चेंडू लाथाडून लांब पाठवतो. टेक्सासच्या जॉन मॅकोव्हिक यांनी खेळायचं ठरवलं. ब्राउन चेंडू घेऊन डावीकडे धावत सुटला. तो स्वतःच इंचभर पुढे जाणार, असं समजून नेब्रास्काचा बचाव त्याच्यावर धावून आला, आणि मागे डेरेक लुईस एकटाच मोकळा उभा होता. पास, ६१ यार्ड. पुढच्याच खेळीत टचडाऊन, ३७-२७.

त्याच संध्याकाळी अटलांटात स्पुरिअर यांचा फ्लोरिडा अलाबामाशी खेळायला उतरला. आठवड्यापूर्वीच फ्लोरिडा स्टेटकडून हरल्याने त्यांची आशा संपल्यात जमा होती. नेब्रास्का पडल्याने दार पुन्हा उघडलं. फ्लोरिडा ४५-३० जिंकला, शुगर बाऊलमध्ये त्याच फ्लोरिडा स्टेटशी पुन्हा भेट झाली, आणि या वेळी ५२-२० असा निकाल लागून विद्यापीठाला पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं. एका शनिवारी दोन अंतिम सामने. एकाने नेब्रास्काचं विजेतेपद काढून घेतलं, दुसऱ्याने ते फ्लोरिडाच्या पदरात टाकलं. दोनच वर्षांनी सेंट लुईसमध्येच अपराजित कॅन्सस स्टेट दोन ओव्हरटाइमनंतर टेक्सास ए अँड एमकडून ३६-३३ हरला आणि थेट अलामो बाऊलमध्ये जाऊन पडला.

एवढं सोसलेल्या बिग ट्वेल्व्हचे पुढे संघ घटून दहा झाले आणि २०११ पासून सामना बंद पडला. नियमात बसत नव्हता. ‘एकच खरा विजेता’ अशी जाहिरात कॉन्फरन्स करू लागली, कारण दहाही संघ एकमेकांशी खेळत. २०१४ हे चार संघांच्या प्लेऑफचं पहिलं वर्ष. शेवटच्या शनिवारी बिग ट्वेल्व्हच्या, तिसऱ्या क्रमांकावरच्या टीसीयूने आयोवा स्टेटला ५५-३ हरवलं. ओहायो स्टेटने बिग टेन कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात, तिसऱ्या पसंतीचा क्वार्टरबॅक कार्डेल जोन्स खेळवून, विस्कॉन्सिनला ५९-० हरवलं. रविवारी निवड समितीने ओहायो स्टेटला चौथं स्थान दिलं. टीसीयू सहाव्यावर, बेलर पाचव्यावर. त्या दोघांना कॉन्फरन्सने संयुक्त विजेते ठरवलं होतं, बेलरने ऑक्टोबरात टीसीयूला ६१-५८ असं हरवलेलं असूनही. ओहायो स्टेटने पुढे अलाबामा आणि ओरेगॉनला हरवून विजेतेपद जिंकलं.

जानेवारी २०१६ मध्ये एनसीएएने बाराची अट सैल केली आणि डिसेंबर २०१७ मध्ये बिग ट्वेल्व्हचा सामना टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला परतला. ओक्लाहोमाने टीसीयूला ४१-१७ हरवलं. त्याच मोसमात आधीही हरवलंच होतं. मे २०२२ मध्ये दोन गटांची सक्तीही गेली, आणि २०२४ पासून सोळा संघांच्या एसईसीने पूर्व-पश्चिम विभागणी मोडीत काढली. सांगलीच्या वाचकाला हवं असलेलं उत्तर हे असं पेनसिल्व्हेनियामार्गे येतं. २०१२ चे ते पाच यार्ड आणि जॉर्जियाच्या हातातून निसटलेली शेवटची काही सेकंदं पुढच्या लेखांकात.