शेजाऱ्याचं नाव काढलं, अन् वीज वाचली!

'वीज वाचवा, पैसे वाचवा' असं कितीही सांगा, लोक ऐकतातच असं नाही. मग सांगायचं तरी कसं? अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस शहरात संशोधकांनी घरोघरी दाराला वेगवेगळे कागद अडकवून पाहिले. कुठे पैशांच्या बचतीची गोष्ट, कुठे पर्यावरणाची, तर कुठे एवढंच की, 'तुमचे बहुतेक शेजारी एसीऐवजी पंखा लावतात.' सगळ्यात जास्त वीज वाचली ती या शेवटच्या कागदामुळे. गंमत म्हणजे, लोकांना नुसतं विचारलं तेव्हा शेजाऱ्यांचं कारण त्यांनी सगळ्यात खाली ठेवलं होतं!

त्याच शहरातल्या दुसऱ्या प्रयोगात (2007) घोटाळा झाला. परिसराची सरासरी कळल्यावर जास्त वीज जाळणाऱ्यांनी वापर कमी केला खरा, पण आधीच काटकसर करणाऱ्यांनी तो वाढवला. त्यांच्या कागदावर नुसता हसरा चेहरा काढला, तेव्हा ही वाढ थांबली.

आपल्याकडे गावाच्या ग्रुपवर बहुतेक उलटंच लिहिलं जातं. 'सगळेच दिवसा लाईट चालू ठेवतात' हे वाचणारा म्हणतो, मग मी एकट्यानेच कशाला बंद करू?