जपणूक छायाचित्रांची (लेखांक ६) : तिसरी प्रत पुराच्या टप्प्याबाहेर

कार्डवरचे फोटो संगणकात कसे उतरवायचे, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आता त्यांच्या प्रती किती करायच्या आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठे ठेवायच्या, ते बघू.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या स्टुडिओवाल्याची सराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते आणि मे महिन्यात तिला भर येतो. जूनमध्ये पाऊस पडू लागतो तेव्हा कितीतरी लग्नांचे अल्बम व्हायचे असतात, व्हिडिओची जुळणी अर्धवट असते. म्हणजे काम सर्वांत जास्त अडकलेलं असतं नेमक्या त्याच दिवसांत उल्हास आणि वालधुनी फुगतात. २६ जुलै २००५चा पूर इथे कुणी विसरलेलं नाही. २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. २०२१च्या जुलैतही बदलापुरात पाणी शिरलं. आपले बहुतेक स्टुडिओ तळमजल्याच्या गाळ्यात, आणि सीपीयू टेबलाखाली फरशीवर.

पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ हा नियम जगभर पाळला जातो : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. पहिले दोन आकडे आपल्याकडे हळूहळू रुजले आहेत. शेवटच्या एकाकडे मात्र दुर्लक्ष होतं. बदलापूर पश्चिमेत दुकान आणि दोन गल्ल्या सोडून घर, तर डिस्क घरी नेल्याने ठिकाण बदलत नाही, कारण पाणी दोन्हीकडे एकाच रात्री येतं. वालधुनीही अंबरनाथहून उल्हासनगरमार्गे कल्याणला जाते, त्यामुळे नदीकाठच्या दुकानातली डिस्क पुढच्या गावातल्या नदीकाठच्या घरी ठेवूनही धोका तोच. तिसरी प्रत वरच्या मजल्यावर, नदीपासून लांब किंवा सरळ पुण्या-नाशिकच्या नातेवाइकाकडे हवी.

‘क्लाउडवर टाकतो’ असं अनेक जण म्हणतात. त्याआधी हिशेब करा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची. चार हजार फोटो म्हणजे शंभर जीबीच्या वर. फोर-के चित्रण सेकंदाला १०० मेगाबिटने केलं तर तासाला ४५ जीबी. एका लग्नाचे ३०० जीबी सहज होतात, आणि ४० मेगाबिट अपलोडच्या जोडणीवर ते चढायला न थांबता सोळा-सतरा तास लागतात. म्हणून माझं मत असं : रॉ आणि व्हिडिओ डिस्कवर भरून हातोहात पाठवा, क्लाउडवर निवडलेले जेपेग आणि अल्बमची पानं ठेवा.

दोन डिस्क आरशासारख्या जोडणाऱ्या रेडवर विसंबू नका. चुकून डिलीट केलेला फोल्डर दोन्हींवरून एकदमच जातो. २०१७च्या वॉनाक्रायसारखा खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या सगळ्या डिस्क कुलूपबंद करतो, म्हणून एक डिस्क वायर काढून ठेवलेलीच असावी. प्रत केली की चेकसम जुळवून बघा, निदान दहा-बारा फाइल उघडा. दोन प्रती तपासून होईपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका.

आणखी एक गोष्ट स्टुडिओवाल्यांना सहसा ठाऊक नसते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क ग्राहकाचा असतो. डिस्क तुमची असली तरी तिच्यातला फोटो त्या घराचा आहे. फाइल किती वर्षं सांभाळणार, ते पावतीवर स्पष्ट लिहा.

फोल्डरला नावं कशी द्यायची, ते पुढच्या लेखांकात. तोवर एवढं कराच : सीपीयू फरशीवरून उचला आणि पाऊस लागण्याआधी तिसरी डिस्क गावाबाहेर पोहोचवा.