आधी खिडकी मोजा, मग वायपर घ्या

सेमिस्टर संपते, दिवाळीची सुट्टी लागते आणि दुसऱ्याच दिवशी आई हातात वर्तमानपत्राचा बोळा देते. ‘काचा पुसून टाक.’ तुम्ही पुसता. काच आधी काळी होती, आता ढगाळ होते. मग रीलमधला तो पठ्ठ्या आठवतो, एका हाताने फेस सर्रकन खाली ओढून काचेचा आरसा करणारा. तुम्ही लगेच मोबाइल काढता आणि तसला वायपर मागवता. तोही सगळ्यात मोठा, कारण मोठा म्हणजे काम लवकर. हो ना?

मी हेच केलं होतं. मुलुंडच्या आमच्या घरी १८ इंची पातं आलं आणि काच निघाली २१ इंचांची. एकदा ओढलं की कडेला तीन इंचांची ओली पट्टी उरायची. ती काढायला तेच धूड पुन्हा फिरवायचं, म्हणजे १५ इंच रबर कोरड्या काचेवरून कुरकुरत, उड्या मारत जाणार आणि रेघा सोडणार. बाहेरच्या बाजूला तर ते वळेचना. शेवटी मी कट्ट्यावर गुडघा टेकवून अर्धी बाहेर वाकले आणि मागून आईने ड्रेस धरून आत ओढलं. आमचं घर सहाव्या मजल्यावर आहे. पुढचा तास आई माझ्याशी बोलली नाही.

याचं खरं नाव स्क्वीजी. पण हार्डवेअरच्या दुकानात ‘काचेचा वायपर’ म्हणा, नाहीतर लादीचा हातात पडेल. आज दिसतो तो हलका, एका पात्याचा प्रकार एत्तोरे स्टेकोने या कॅलिफोर्नियातल्या इटालियन काचपुश्याने बनवला आणि १९३६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याआधीचा वायपर जडशीळ स्टीलचा असायचा आणि रबर बदलायचं तर डझनभर स्क्रू सोडवत बसायचं. आता पाती साधारण ६ इंचांपासून २२ इंचांपर्यंत मिळतात. १४ आणि १८ इंची सगळ्यात जास्त चालतात, पण ती दुकानांच्या आणि ऑफिसच्या मोठ्या, सरळ समोर उभं राहता येईल अशा काचांवर.

आपल्या घरात तसं कुठे असतं? अंधेरी असो की घाटकोपर, बहुतेक फ्लॅटना ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, पातं काचेच्या रुंदीवरून निवडूच नका. काचेपर्यंत तुमचा हात कसा पोचतो, ते बघून निवडा.

आता टेप घ्या. समजा खिडकी चार फुटांची आहे, दोन काचांची. जाळीचं शटर उचलून बाजूला ठेवा. आतल्या ट्रॅकवरची काच मधोमध आणा, बाहेरची पूर्ण उजवीकडे. डावीकडे फूटभर फट उघडली आणि आतल्या काचेचा डावा अर्धा भाग बाहेरून मोकळा झाला. फटीतून फक्त हात बाहेर घालायचा, कोपरात वाकवायचा आणि वरून खाली ओढायचं. मग बाहेरची काच डावीकडे न्या आणि उरलेला अर्धा भाग उजव्या फटीतून. बाहेरच्या काचेलाही हीच युक्ती: ती मधे, आतली एका कडेला, अर्धी डावीकडून, अर्धी उजवीकडून. खांदा खिडकीच्या आतच राहतो.

या फूटभर जागेत १८ इंची पातं मावणारच नाही, शेजारच्या फ्रेमवर आपटेल. १२ इंची मावतं, काच मधापासून दोन बोटं इकडेतिकडे सरकवायची एवढंच. शिवाय २१ इंचांच्या काचेवर १२ इंची दोनदा ओढलं की मधे तीन इंच एकमेकांवर येतात. दोन ओढींमध्ये इंच-दोन इंच असे यायलाच हवेत, नाहीतर मधे पाण्याची रेघ राहते. १० इंचीच्या दोन ओढींत एक इंच उरतो, तिसरी मारावी लागते. म्हणजे आमच्या घराचं उत्तर १२. तुमचं वेगळं असेल, म्हणून टेप.

बोरिवलीत आजीच्या जुन्या घरासारख्या लाकडी तावदानांच्या खिडक्या असतील तर मात्र मजा आहे. तिथे तावदानापेक्षा किंचित लहान पातं मिळालं तर एका ओढीत एक तावदान स्वच्छ. नाही मिळालं तर पट्टी हॅक्सॉने कापून घेता येते, फक्त रबर दोन्ही टोकांना एक-दोन मिलिमीटर बाहेर राहू द्या, नाहीतर धातू काचेला ओरखडे काढेल. ग्रिल आतून असेल तर ६ किंवा ८ इंची घ्या आणि गजांमधून उभं सरकवा. बाथरूमच्या काचेच्या पट्ट्यांना वायपर नकोच, ओलं फडकं बरं.

घाटकोपर ते अंधेरी मेट्रोतून जाताना काचेच्या बिल्डिंगवर दोरावर बसलेले कामगार कधीतरी दिसतात. त्यांना हार्नेस असतो, वेगळा सुरक्षा दोर असतो. आपल्या घरी आई स्टुलावर चढते, किंवा ‘मावशी, जरा बाहेरून पण मारा’ असं आपण सहज म्हणतो आणि मावशी बॉक्स ग्रिलमध्ये उतरतात. त्या ग्रिलच्या वेल्डिंगने किती पावसाळे काढलेत, कुणी बघितलंय? सिंगापूरमध्ये २०१२ पासून नियमच आहे: घरकामाला असलेल्या परदेशी बाईंनी खिडकीची बाहेरची बाजू पुसायची असेल तर ग्रिल कुलूपबंद हवं आणि घरातलं मोठं माणूस समोर हवं. आपल्या घरात हा नियम लावायला सरकारची वाट कशाला बघायची? हात पोचत नसेल तर शटर वर उचलून आत काढून घ्या (जड असतं, दोघांनी धरा), नाहीतर तो कोपरा मळका राहू द्या.

बाकी काम सोपं आहे. आधी कोरड्या ब्रशने धूळ झाडा, आपल्याकडच्या बांधकामांची रेती काचेवर घासली की चरे पडतात. अर्धी बादली पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे चार-पाच थेंब. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर पिण्याच्या नळाचं घ्या, क्षारांचे डाग कमी पडतील. दुपारच्या उन्हात नको, फेस वाळतो. वरची कड फडक्याने कोरडी करून पातं तिथे टेकवा, म्हणजे वरून ओघळ येणार नाहीत. प्रत्येक ओढीनंतर रबर पुसा, धार बोथट झाली की उलटून दुसरी बाजू वापरा.

माझं १८ इंची पातं वाया नाही गेलं. हॉलमध्ये बाल्कनीचं मोठं सरकतं दार आहे, तिथे ते झक्कास चालतं.