मत्स्यालयातील वनस्पतींवरचे शेवाळ

महानगरपालिकेचे पाल येथील जगदीशचंद्र बोस मत्स्यालय २०१४ मध्ये सुरू झाले. ते पाहून आलेल्या मुलांनी घरी काचेच्या टाकीचा हट्ट धरणे ओघानेच आले. टाकी येते, मासे येतात, हिरवी पाने डोलू लागतात आणि महिना-दोन महिन्यांत त्या पानांवर शेवाळ चढते. हिंदीत ज्याला काई म्हणतात व येथील दुकानदार लील म्हणतात, तेच हे. मग औषधाची बाटली येते, कधी मासे मरतात आणि टाकी माळ्यावर जाते. पालकांकडून विचारणा होत असते, म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

शेवाळाचे सूक्ष्म अंश पाण्यात व पानांवर आधीपासून असतातच. ते माजते तेव्हा टाकीत प्रकाश आणि अन्न वनस्पतींच्या गरजेहून जास्त झालेले असते. माशांची विष्ठा व न खाल्लेले दाणे यांतून नायट्रोजन आणि फॉस्फरसचे क्षार सुटतात. वनस्पती जोमात असतील तर त्या हे क्षार शोषून घेतात, मरगळलेल्या असतील तर शेवाळाचे फावते.

मोठ्या प्रमाणावर हेच पाहायला कतारगामहून लांब जावे लागत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या खानदेशातून वाहत येणारी तापी सिंगणपोरच्या कॉजवेपाशी अडते. उन्हाळ्यात तेथे पाणी संथ होते, सांडपाण्यातून क्षार मिळतात, ऊन तर भरपूर! मग शेवाळ व जलपर्णी पसरते. यंत्रांनी जलपर्णी काढली तरी सांडपाणी येत राहिले की ती पुन्हा वाढते. घरच्या टाकीतही नुसते खरवडून असेच होते.

म्हणून प्रथम टाकी खिडकीच्या उन्हातून हलवावी. दिवा दिवसाला सहा ते आठ तासच लावावा. पाहुणे आले म्हणून रात्री अकरापर्यंत चालू ठेवू नये. दाणे दोन मिनिटांत संपतील एवढेच टाकावेत. आमच्या मते अर्धे शेवाळ घरातील प्रत्येकाने माशांना प्रेमाने खाऊ घातल्यामुळे येते. दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, तेव्हा ते एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मग वापरावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, नाहीतर त्यातील उपयोगी जिवाणू मरतात.

नव्या टाकीतला तपकिरी थर बोटाने पुसला जातो व काही आठवड्यांत बहुधा आपोआप कमी होतो, त्याची चिंता नको. लांब हिरवे धागे जुन्या दातब्रशला गुंडाळून काढावेत. अनुबियाससारख्या सावकाश वाढणाऱ्या वनस्पतीच्या पानांच्या कडांवर काळे केसाळ झुपके येतात, ते हट्टी. ते पानच कापून टाकावे. हे काळे दिसणारे शेवाळ लाल शेवाळांच्या गटातले आहे. स्पिरिटमध्ये बुडवले की ते लालसर होते (विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी मोठ्यांसमोर करून पाहण्यासारखे आहे). निळसर-हिरवा, घाण वासाचा, पापुद्र्यासारखा निघणारा थर मात्र खरे पाहता जिवाणूंचा असतो. तो काढून, पाणी बदलून, तीन दिवस टाकी जाड कापडाने झाकावी. हवेचा पंप चालू ठेवावा. निरोगी मोठे मासे तीन दिवस उपाशी राहू शकतात.

औषधाबाबत सावध राहावे. तांबे असलेली औषधे गोगलगायींना व झिंग्यांना मारतात. शिवाय सगळे शेवाळ एकदम मेले की ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि सकाळी मासे उलटे तरंगताना दिसतात.

दुकानात ‘काच साफ करणारा’ म्हणून सकर मासा देतात. तो फूटभराहून मोठा होतो. मग कंटाळून लोक त्याला नदीत सोडतात. आंध्र व बंगालमधील पाणवठ्यांत तो असाच पसरून स्थानिक मासळीला उपद्रव देतो आहे. कृपया कोणीही टाकीतील मासा किंवा वनस्पती तापीत सोडू नये.

शेवाळाशी स्पर्धा करायला हायड्रिला व वॅलिसनेरिया या आपल्याकडच्याच, झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती उत्तम. त्या दाट लावाव्यात व वाढल्या की छाटाव्यात. टाकीतून काढलेले पाणी तुळशीला चालते. छाटलेली हायड्रिला फेकू नये, ओल्या पिशवीत घालून शाळेच्या प्रयोगशाळेत द्यावी. प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगाला ती दर वर्षी लागते.