चाल, वेग आणि एक म्हैस

कला शाखेच्या विद्यार्थ्याने पदार्थविज्ञानावर लेखणी चालवावी, हे पाहून आमच्या प्राध्यापक मंडळींच्या भुवया उंचावतील. दहावीनंतर या विषयाला मी दुरूनच नमस्कार केला होता. पण गेल्या श्रावणात एका म्हशीमुळे हात मोडून घरी बसलो आणि वेळ जाईना म्हणून धाकट्या बहिणीचे पाठ्यपुस्तक उघडले. म्हशीकडे वळण्यापूर्वी थोडी पूर्वतयारी हवी.

'चाल' हा शब्द मराठीला भलताच लाडका. घोड्याची चाल, गाण्याची चाल, बुद्धिबळातली चाल, आणि शत्रूवर करून जातात तीही चालच! पदार्थविज्ञानात मात्र तिला एकच अर्थ : कापलेले अंतर भागिले लागलेला वेळ. 'वेग' म्हणजे तेच, असे आपण बोलताना धरून चालतो. पुस्तकातल्या वेगाला दिशाही लागते. आणि तो काढताना वाटेतले वळसे न मोजता, निघालो तिथून पोहोचलो तिथपर्यंतचे सरळ रेषेतले अंतर, म्हणजे विस्थापन, घ्यायचे असते.

१९३० साली सुरू झालेली दख्खनची राणी घ्या. मुंबई ते पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटर, वेळ सुमारे सव्वातीन तास. सरासरी चाल आली ताशी ५९ किलोमीटर. पण नकाशावर पट्टी ठेवली तर ही शहरे एकमेकांपासून सुमारे १२० किलोमीटरच दूर आहेत. म्हणून सरासरी वेग ताशी ३७ किलोमीटर, पूर्वेकडे, किंचित दक्षिणेला झुकलेला. आणि सकाळी पुण्याहून निघून रात्री त्याच गाडीने पुण्यात परतणाऱ्या नोकरदाराचा एकूण सरासरी वेग? शून्य! बिचाऱ्याने ३८४ किलोमीटर प्रवास केला, पण विस्थापन काहीच नाही. (हा हिशेब त्याला डब्यात सांगू नये.)

आता त्वरण. वेग दर सेकंदाला किती बदलतो, ते त्वरण. त्याचे एकक 'मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद'. हा दुसरा 'प्रति सेकंद' शाळेत मला छापखान्याची चूक वाटे! वरून सोडलेल्या दगडाचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद इतका वाढतो, एवढाच त्याचा अर्थ. वेग कमी होणे हेही त्वरणच, फक्त उणे. गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळा सोडून जे ताडले आणि १६३८ च्या ग्रंथात मांडले, ते असे की, त्वरण एकसारखे असेल तर दुप्पट वेळात अंतर चौपट कापले जाते. थांबताना हेच गणित उलटे चालते.

आता म्हैस. मित्र मोटारसायकल चालवत होता, मी मागे बसलो होतो. काटा ७२ वर. ५ ने गुणून १८ ने भागले की सेकंदाला २० मीटर. वळणापुढे म्हैस आडवी उभी. आमचे आप्पा एस.टी.चे चालक. दवाखान्यात आल्यावर त्यांनी आधी एकच विचारले, "दिसली तेव्हा किती लांब होती?" पुढे त्यांनी स्वतः तिथे जाऊन पावलांनी मोजले : सुमारे ३० मीटर.

म्हैस दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला असे धरू. म्हणजे २० मीटर तिथेच संपले. ब्रेकने वेग सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद या दराने कमी होतो असे मानले, तर थांबायला लागणारे अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्वरणाची दुप्पट : ४०० भागिले १०, म्हणजे ४० मीटर. एकूण हवे होते ६०, हाती होते ३०. उरलेल्या १० मीटरमध्ये ब्रेक करकचून दाबूनही म्हशीपाशी पोहोचताना आमची चाल ताशी ६२ भरली असती! काटा ३६ वर असता तर १० आणि १० मिळून २० मीटरमध्ये गाडी थांबली असती. चाल निम्मी, पण ब्रेकचे अंतर चौथाई. वहीतली ही बेरीज मी तीनदा तपासली. प्लॅस्टरमधल्या हाताला आतून कळ येत होती.

मित्राने ऐनवेळी हँडल वळवले. काटा न हलता दिशा बदलली, तरी वेग बदलला, म्हणून तेही त्वरणच. गाडी वळली. मला वळवायला मात्र माझी पकड पुरली नाही, म्हणून मी सरळ रेषेत, जुन्याच दिशेने, चरात गेलो.

म्हैस जागची हलली नाही. तिची चाल, वेग, त्वरण, तिन्ही शून्य.