तुटतो पट्टा, दोषी दुसराच

नेरुळच्या एका वाचकांनी विचारलं आहे : पंधरा वर्षं पूर्ण झालेली, पुन्हा पासिंग करून घेतलेली डिझेल गाडी आहे. इंजिनाचा बाहेरचा बेल्ट वर्षभरात तीनदा गेला. दर वेळी नवा टाकला, तोही चांगल्या कंपनीचा. मेकॅनिक म्हणतो, हल्ली मालच डुप्लिकेट येतो. खरं असेल का?

डुप्लिकेट माल बाजारात आहेच. पण बेल्ट एकदा तुटला तर बेल्टवर संशय घ्यावा, तीनदा तुटला तर बाकी सगळ्यांवर.

प्रश्न टायमिंग बेल्टचा नाही. क्रँक पुलीवरून निघून आल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि काही गाड्यांत पाण्याचा व स्टिअरिंगचा पंप फिरवणाऱ्या खाचांच्या काळ्या पट्ट्याचा आहे. त्याच्यावरचा बोजा थोडाथोडका नाही. ९० अँपिअर देणारा आल्टरनेटर पूर्ण भाराने चालला तर एकटाच तीनेक अश्वशक्ती खातो. एसी लावला की आणखी तेवढी तरी हवी. हे सगळं निव्वळ घर्षणाच्या जिवावर.

हे घर्षण काय करतं, ते बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात होडी बांधताना दिसतं. दोराचे तीन वेढे खुंटाला दिले की मोकळं टोक एका हाताने धरलं तरी होडी हलत नाही. घर्षणांक ०.३ धरला तर एका वेढ्याने हाताची ओढ साडेसहा पट होते, दोन वेढ्यांनी ४३ पट, तिसऱ्याने सुमारे २८५ पट. म्हणजे १० किलोच्या ओढीवर पावणेतीन टनांहून जास्त! वेढे बेरजेने वाढतात, पकड गुणाकाराने. हा हिशेब लिओनार्ड ऑयलरने १७६० च्या दशकात मांडला.

आल्टरनेटरच्या पुलीवर पट्ट्याचा फार तर अर्धा वेढा बसतो. पट्टा सपाट असता तर पकड जेमतेम अडीच पट भरली असती. म्हणून खाचा. ४० अंशांच्या खाचेत पट्टा पाचर होऊन रुततो आणि अडीचाचे पंधरा होतात. मात्र गुणाकार उलटाही फिरतो. पाण्याने किंवा तेलाने घर्षण निम्मं झालं, की पंधराचे चार. खाचा झिजून पट्टा पुलीच्या तळाला टेकला, की पाचरच संपली. आताचे ईपीडीएम रबराचे पट्टे सहसा भेगाळत नाहीत, नुसते झिजतात. त्यामुळे ‘भेगा नाहीत, अजून चालेल’ हा जुना ठोकताळा त्यांना लावू नये.

घसरणारा पट्टा ओरडतो, तापतो, जळका वास येतो. पण चांगला नवा पट्टा काही महिन्यांत चिंध्या होऊन का पडावा? इथेही ऑयलरच उपयोगी पडतो, आणि त्याच्यावर झालेल्या अन्यायाची गोष्ट सांगायची संधी मी सोडणार नाही.

पॉट्सडॅमच्या सां-सूसी राजवाड्यात फ्रेडरिक द ग्रेटला उंच कारंजं हवं होतं. पवनचक्कीवरच्या पंपांनी पाणी टेकडीवरच्या हौदात चढवायचं, पण लाकडी नळ फुटत राहिले. ऑयलरने १७४९ मध्येच राजाला कळवलं होतं, की हे नळ टिकणार नाहीत. पुरेशा जाडीचे शिशाचे नळ घाला. नळावर फक्त उंचीच्या पाण्याचा दाब येत नाही, दट्ट्या पाण्याला हिसका देतो तेव्हा दाब कितीतरी वर जातो, हे त्याने गणिताने दाखवलं. ऐकलं कोणी नाही. कारंजं फसलं आणि १७७८ मध्ये राजाने व्हॉल्तेरला लिहिलेल्या पत्रात ऑयलरच्या भूमितीचीच टर उडवली!

सरासरी भार सोसवतो, हिसका तोडतो. डिझेल इंजिन हे हिसक्यांचंच यंत्र. जुन्या डिझेलमध्ये हवा वीसेक पट दाबली जाते, पेट्रोलमध्ये दहाच्या आसपास. चार सिलिंडरचं इंजिन ८०० फेऱ्यांवर आयडलिंगला असताना क्रँक सेकंदाला सत्तावीसेक वेळा उसळी घेतो आणि मंदावतो. आल्टरनेटरचा जड रोटर मात्र अडीच-तीन पट वेगाने फिरत असतो; त्याला एवढ्या लवकर मंदावता येत नाही. या ओढाताणीत पट्टा सापडतो. वाशीच्या खाडीपुलावर एसी लावून रखडलेली गाडी पट्ट्याला हायवेवर धावणाऱ्या गाडीपेक्षा जास्त छळते, ती यामुळेच. त्यात एखादं नोझल खराब असेल तर उसळ्याही असमान होतात.

हे हिसके गिळायला तीन भाग असतात : क्रँक पुलीतलं रबर, स्प्रिंगचा टेन्शनर आणि अनेक गाड्यांत आल्टरनेटरची एकाच दिशेने पकडणारी पुली. वारंवार पट्टा जात असेल तर यातल्या कोणी तरी काम सोडलेलं असतं.

तपासणी स्वस्तात होते. इंजिन बंद करून क्रँक पुलीच्या मधल्या भागापासून बाहेरच्या कड्यापर्यंत पांढऱ्या पेनाने एक सरळ रेघ मारा. काही दिवसांनी रेघ मधेच तुटून सरकलेली दिसली, तर आतलं रबर सुटलं आहे. पट्टा काढून प्रत्येक पुली हाताने फिरवा. खरखर किंवा खेळ असेल तर बेअरिंग गेलं. आल्टरनेटरची पुली एकतर्फी असेल, तर ती एका दिशेने रोटरला सोबत नेते, दुसऱ्या दिशेने वेगळी फिरायला हवी. दोन्हीकडे रोटर फिरला तर ती जाम आहे.

तुटलेला पट्टा गॅरेजमध्ये टाकून येऊ नका. एकच कड उसवली असेल तर पुल्या एका रेषेत नाहीत. खाचा काचेगत चकाकत असतील तर घसरण. रबर फुगून मऊ पडलं असेल तर तेल. ओरडणाऱ्या पट्ट्यावर मारायच्या स्प्रेने आवाज तेवढा लपतो, वर चिकट थरावर धूळ बसते.

तेल दिसलं तर आल्टरनेटरच्या मागे बघा. डिझेलच्या इनटेकमध्ये पेट्रोलसारखा व्हॅक्यूम तयार होत नाही, म्हणून ब्रेकला वेगळा पंप लागतो. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत तो आल्टरनेटरच्याच पाठीवर बसवलेला असतो आणि इंजिन ऑइलवर चालतो. त्याचं सील गेलं की ऑइल पट्ट्यावर उडतं. आणि पट्टा तुटला की बॅटरीच्या दिव्याबरोबर ब्रेकची मदतही जाते : एक-दोनदा पेडल नीट दबतं, मग दगड होतं. तुमच्या गाडीची रचना अशी असेल, तर खऱ्या कारणाचा पत्ता लागेपर्यंत खंडाळ्याचा घाट उतरायला ती नेऊ नका.